नुरजहाँच्या घरचा नंबर

कुणाच्या घरचा माणूस पालिकेत कामाला लागला, की महाडात त्या घराचं सुख संपतं. नळाला पाणी नाही, सांगा त्यांच्याकडे. गटार तुंबलं, सांगा त्यांच्याकडे. तो बिचारा तिथं खुर्च्या पुसायला का असेना, गावाच्या लेखी तोच पालिका. त्यामुळे अजमलला पालिकेचं काम मिळालं आणि घरचा फोन वाजायला लागला, तेव्हा त्याच्या आईला, नुरजहाँला, त्यात काहीच नवल वाटलं नाही.

काम होतं वेबसाइटचं. साल दोन हजार तीन. विनीतच्या कॉम्प्युटर क्लासला पालिकेनं ते वर्षाच्या बोलीवर दिलं होतं, आणि विनीतनं ते क्लासमध्ये शिकवणाऱ्या अजमलच्या गळ्यात घातलं होतं. पहिल्या पानावर सरकत्या अक्षरांत 'सुस्वागतम', त्याखाली चवदार तळ्याचा फोटो आणि 'नवीन' असं लिहिलेली एक लुकलुकणारी पिवळी चांदणी. बाकीची पानं हळूहळू भरायची होती. अजमल या टेबलावरून त्या टेबलावर हिंडून पाण्याच्या वेळा, दाखल्यांची माहिती, निविदा असं काय काय गोळा करी आणि संध्याकाळी क्लासमध्ये बसून साइटवर चढवी. वर्षअखेरीला मुख्याधिकारी साहेब सगळं बघणार आणि काम पुढं चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार होते.

या ठरण्यावर नुरजहाँचा जीव टांगलेला होता. तिचा नवरा लग्न झाल्यापासून सौदीत, दम्मामला, एका कंपनीच्या गोदामात. दोन वर्षांतून एकदा यायचा, पाहुण्यासारखा राहायचा आणि अत्तराचा वास मागं ठेवून निघून जायचा. आता तो थकला होता. पण आसपासच्या घरांतून एक रीतच पडून गेली होती. बाप परत आला, की मुलानं त्याच्या जागी जायचं. म्हणजे एक पुरुष घरात आला की दुसरा बाहेर. अजमलचा पासपोर्ट तयारच होता. नुरजहाँला मात्र बाप-लेक दोघंही एकाच दस्तरखानावर जेवायला बसलेले बघायचे होते. बाकीच्या बायका हे रोज बघतात आणि वर कुरकुर करतात, असं ती म्हणायची. अजमलला इथंच काम मिळालं तरच ते जमणार होतं.

फोन वाजला की ती ओढणी सावरून बसे.

"पालिका का?" पलीकडून विचारणा होई.

"हाय, बोला. कुणाचे तुमी?"

हा तिचा पहिला प्रश्न. तक्रार नंतर, आधी माणूस कुणाचा ते कळलं पाहिजे. एकदा पुण्याहून अपेक्षा नावाच्या मुलीचा फोन आला. तिची आजी महाडात एकटी राहायची आणि आजीच्या नळाला पाणी येत नव्हतं.

"आनंदीबाईंची नात ना तू? सांगतंय मी अजमलला. नि लगीन कधी करतंस गो?"

अपेक्षाला वाटलं, पालिकेची चौकशी जरा फारच खोलवर जाते. नुरजहाँ तेवढ्यावर थांबली नाही. दुपारी स्वतः आनंदीबाईंच्या घरी जाऊन नळ पिळून बघून आली. संध्याकाळी अजमलला सगळं सांगितलं, त्यानं सकाळी पाणी विभागात सांगितलं आणि नळ वाहू लागला. लोक आईकडे गाऱ्हाणी घेऊन येतात, यात अजमललाही वावगं वाटलं नाही. महाडात असंच चालतं.

फोन कुवेतहून येत, मुंबईहून येत, एकदा तर पोलादपूरच्या एका गृहस्थानं तिथल्या रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार महाडात केली. नुरजहाँनं तीही ऐकून घेतली. "दिवा तुमचा, तालुका तुमचा, पन अंधार तर सगल्यांचाच," असं म्हणून तिनं त्याचं समाधान केलं.

वर्ष संपत आलं. एके दुपारी फोन वाजला.

"आमच्याकडे पाणी नाही हो," एक अनोळखी, शिकलेला आवाज म्हणाला.

"कुणाचे तुमी?"

"मी बाहेरगावचा. इथं नोकरीला आहे."

"म्हंजे कुनीच नाय तुमाला हितं," ती हळहळली. "रातच्याला येल पानी, आज वाल्व बदलतायत. तवर माज्याकडनं दोन हंडे न्या. नि जेवलात का?"

"आपण कोण?" त्यानं विचारलं.

"अजमलची अम्मी."

तेवढ्यात त्या फोनमधून तिला खोकला ऐकू आला. अजमलचाच. घाबरला की तो लहानपणापासून तसाच खोकायचा.

संध्याकाळी अजमल उतरल्या चेहऱ्यानं घरी आला. फोन मुख्याधिकारी साहेबांचा होता. साइट तपासताना त्यांनी तिच्यावरचा पालिकेचा नंबर फिरवून बघितला, तेव्हा अजमल समोरच उभा होता. पहिल्या दिवशी पान मांडताना नंबर तिथं कसा दिसतो ते बघायला त्यानं घरचाच नंबर टाकला होता आणि तो बदलायचाच राहिला. घरचा नंबर डोळ्याला खुपला नाही. शिवाय मराठीचा फॉन्ट फक्त इथल्या कॉम्प्युटरांवर होता. बाहेरगावी ते पान उघडलं की सगळे चौकोनच चौकोन दिसत, वाचता येईल असा हा एक नंबरच. मग लोक तोच फिरवत.

"मीच तुजं काम घालवलं," नुरजहाँ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अजमलला बोलावलं. "नंबर आजच्या आज बदल. अक्षरं सगळीकडे दिसतील असं कर," ते म्हणाले. मग त्यांना हसू आवरेना. "मी विभागांत विचारलं. तक्रारी सुटल्यात. तुझ्या साइटवर चालणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तुझी आई. काम पुढं चालू राहील."

नुरजहाँनं गल्लीभर साखर वाटली. फोन मात्र गप्प झाला. तिला ते चांगलंच जाणवलं, उगाच दोनदा उचलून तिनं तो चालू आहे ना ते बघितलं.

मग दम्मामहून नवऱ्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"नंबर का काडला गो?"

"तुमाला काय ठावं त्याचं?"

"जेवनाच्या सुट्टीत हापिसातल्या कॉम्प्युटरवर ते पान उघडायचो मी, रोज. निसते चौकोन दिसायचे. पन खाली आपल्या घरचा नंबर. मला वाटलं, पोरानं माज्यासाठी टाकलाय. आज सगली मराठी वाचता येते, नि नंबर परक्याचा."

नुरजहाँच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतकी वर्षं हा माणूस तिकडं एकटा जेवत होता. डोळे पुसून ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कुणाचे तुमी?"

"आँ?"

"इचारतंय, कुणाचे तुमी? आमचे असाल तर घरी या. अजमलचं काम पक्कं झालं. तुमच्या जागी हितनं कोन येनार नाय."

ईदच्या आधी तो आला, परतीचं तिकीट न काढता. दस्तरखान अंथरला, एका बाजूला बाप, एका बाजूला लेक. नुरजहाँ वाढत असताना फोन वाजला. बराच वेळ वाजत राहिला, पण ती उठली नाही.