अक्कांचं चुकीचं रीडिंग

आमच्या अक्का कॉम्प्युटरशी मुद्दाम खोटं बोलायच्या. सोलापूरच्या एमआयडीसीतली आमची लॅब वजनं आणि काटे तपासून प्रमाणपत्रं देते. आकडेमोड सॉफ्टवेअर करतं. पण त्याचं नवं व्हर्जन अक्कांनी तपासून सही केल्याशिवाय वापरायचं नाही, असा नियम. अक्का हाताने सोडवलेली उदाहरणं त्याला घालायच्या. पण सगळ्यात आधी एक किलोच्या वजनाला दहा किलोचं रीडिंग द्यायच्या आणि हाताची घडी घालून बसायच्या. "बघू, न्हाय म्हणतंय का. कायबी दिलं तरी व्हय म्हणतंय, त्याचा काय भरवसा?"

तपासणीच्या खोलीला खिडकी नव्हती. तापमान हलू नये म्हणून दार बंद, फोन बाहेरच्या टेबलावर. बाहेर ऊन भाजायचं आणि आत अक्का स्वेटर घालून बसायच्या. माझा तिथे जीव घुसमटायचा. अक्का म्हणायच्या, "सवय होते गं. तेच वाईट हाय."

सॉफ्टवेअरकडून नकार मागणाऱ्या या बाईला स्वतःला मात्र तो जमत नसे. अक्कलकोटजवळच्या गावी त्यांची आई, त्यांची अव्वा, अंथरुणाला खिळलेली. नोकरी सोडून तिच्याजवळ राहायचं त्यांनी कधीच ठरवलं होतं, पण सहीचा अधिकार त्यांच्या एकट्यांकडे. मालक दारातून डोकावत, "अक्का, एवढं व्हर्जन पास करा, मग तुम्ही मोकळ्या." अक्का म्हणत, "बरं, मालक." ते व्हर्जन दहा किलो निमूट गिळायचं. अक्का ते परत पाठवायच्या, दुरुस्त होऊन यायचं, तर दुसरीकडेच काही बिघडलेलं असायचं. डोळे मिटून सही ठोकावी आणि सुटावं, हे त्यांना कधी सुचलंच नाही. मला त्याचा फार राग यायचा.

एका दुपारी त्या बाहेर आल्या, तर फोनवर भावाचे कॉल येऊन पडले होते. आई गेली होती. "अव्वा हाक मारत हुती म्हणं," एवढंच बोलून त्या रिक्षात बसल्या.

आईचे दिवस उरकून परतल्या तेव्हा नवं व्हर्जन आलेलंच होतं. अक्कांनी दहा किलो घातले. पडद्यावर लाल अक्षरांत नकार आला. बाकीची उदाहरणंही जुळली. त्यांनी सही केली. मालक म्हणाले, "आता गावी कोण आहे तुमचं? थांबा की."

"न्हाय, मालक," अक्का म्हणाल्या. मालकांना त्यांनी तो शब्द म्हटलेला मी पहिल्यांदाच ऐकला, आणि मला रडू आलं.

आता सहीचा अधिकार माझ्याकडे आहे, आणि खुर्चीवर राहिलेला तो स्वेटरही. परवा पुन्हा नवं व्हर्जन आलं. मी दहा किलो घातले. ते चटकन नाही म्हणालं. तेवढ्यात मालक डोकावले. "मॅडम, रविवारी येताय ना?"

रविवारी मला कुर्डुवाडीला जाऊन आईला दवाखान्यात न्यायचं होतं.

"येते की," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.