देर्नाची धून

लेआर्को झोफ्फोली इटलीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या बेल्लारियातला फ्रीजवाला. समुद्रकाठच्या कुठल्याही बारमधलं किंवा आइस्क्रीमच्या दुकानातलं मशीन गार करायचं थांबलं की मालक आधी देवाला आणि लगेच लेआर्कोला हाक मारत. उंच, किरकोळ माणूस. स्वभावानं इतका सरळ, की शेजाऱ्याचं अंजीर आपल्या अंगणात पडलं तरी परत नेऊन द्यायचा. बायको निवेस म्हणायची, "याच्याशी लग्न करून मला आयुष्यात फुकटचं अंजीर खायला मिळालं नाही."

हे झालं आठवडाभराचं. शनिवार-रविवारी हाच लेआर्को पांढरा कोट चढवून ओरियानो तासिनारी मास्तरांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवी. मास्तरांनी त्याला पोरवयात उचललं, फुंकायला शिकवलं, चुकला की व्हायोलिनच्या गजानं डोक्यात टपली दिली आणि त्याच्या लग्नात स्वतः रात्रभर वाजवलं. लेआर्कोचे वडील लवकर गेले होते. ती जागा मास्तरांनी न बोलता भरून काढली.

मास्तरांच्या चालींवर सगळा रोमान्या प्रांत नाचलेला. त्यातली एक मात्र वेगळी. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी बायकोसाठी, देर्नासाठी, पोल्का नाचाची एक जलद धून बांधली होती. मिलानहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला आणि नेमकी तीच मागायला लागला. मास्तर म्हणाले, "बाकी हवं ते घेऊन जा. ही धून माझ्या बायकोची आहे, विकायची नाही." हे वाक्य आमच्या गावात न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. ती धून वर्षातून एकदाच वाजे, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त, दुपारच्या नाचाला. देर्नाबाई पहिल्या रांगेत बसत, लोक टाळ्या वाजवत, आणि बायका आपापल्या नवऱ्याला कोपरानं ढोसून म्हणत, "शीक काहीतरी."

आता घोळ कसा झाला ते सांगतो. निवेसच्या बहिणीचा मुलगा इगोर रिच्चोनेत एका गॅरेजमध्ये डिस्कोची गाणी बनवायचा. एका हिवाळ्यात त्याला खरं क्लॅरिनेट हवं झालं. लेआर्को गेला. इगोर म्हणाला, "काका, आधी माइक तपासायचाय. काहीही वाजवा." आणि लेआर्कोची बोटं आपोआप देर्नाच्या धुनेवर गेली. तीच एक अशी होती की जिच्यासाठी त्याला डोकं वापरावं लागत नसे. मग पोरगा सांगेल ते संध्याकाळपर्यंत वाजवलं, बिदागी म्हणून मिळालेली हॅमची एक तंगडी काखेत मारून घरी आला आणि सगळं विसरला.

जूनमध्ये एका बारच्या फ्रीजमध्ये डोकं घालून बसला असताना रेडिओवर गाणं लागलं. खालून ढोल बडवल्यासारखं धपधप, वर एक मुलगी इंग्रजीत ओरडतेय, "टेक माय संडे", आणि तिनं श्वास घेतला की मध्ये क्लॅरिनेट. माणसाला स्वतःची फुंकर ओळखू येते. लेआर्कोनं दचकून डोकं वर केलं ते फ्रीजच्या कप्प्यावर आपटलं.

तो तसाच इगोरकडे गेला. "अरे, ते मी माइक तपासायला वाजवलं होतं."

"बाकीचं वाजवलंत ते ठीकठाक होतं, काका. पण हे काय होतं. ऐकलं की माणूस बसूच शकत नाही."

"ते माझं नाहीये, इगोर. परत घे."

"आता कुठून परत घेऊ? जर्मनीत पोचलंय ते. पोरं रेकॉर्डच्या दुकानासमोर रांग लावताहेत."

घरी निवेसनं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "मास्तरांना सांगून टाक."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

"तू सांगेपर्यंत ते चर्चमध्ये वाजायला लागेल."

चर्च तेवढं राहिलं. बाकी सगळीकडे वाजलं. समुद्रस्नानाच्या जागांवरच्या भोंग्यांतून, जत्रेतल्या एकमेकींवर आपटायच्या टकरीच्या गाड्यांवरून, पायडलच्या होड्या भाड्यानं देणाऱ्याच्या टपरीतून. जर्मन पाहुणे हात वर करून उड्या मारायचे. त्यांचं लेआर्कोला काही वाटत नव्हतं. त्याचा जीव घाबरा झाला तो आपल्याच माणसांना बघून. आइस्क्रीमच्या रांगेत पोहण्याच्या कपड्यातल्या दोन म्हाताऱ्या बहिणी उभ्या होत्या. गाणं लागलं, आणि गप्पा मारता मारता दोघींचे पाय पोल्क्याची पावलं टाकायला लागले. त्यांच्या डोक्याला पत्ता नव्हता. पायांनी ओळखलं होतं. म्हाताऱ्यांचे पाय ओळखतात, तर मास्तरांचे कान काय सोडणार आहेत?

म्हणून उन्हाळाभर लेआर्कोनं मास्तरांची राखण केली. कार्यक्रमांना त्यांना आपल्या गाडीतून न्यायचा तो मुद्दाम आतल्या रस्त्यानं, पीचच्या बागांमधून. भर जुलैत काचा बंद. वारं लागलं की मान धरते, म्हणायचा. मास्तर घामानं निथळत बसत.

"लेआर्को, समुद्र आटला का रे? दोन महिने दिसला नाही."

"रहदारी असते हो तिकडे, मास्तर."

एका गोष्टीनं त्याला वाचवलं. मास्तरांना असल्या गाण्यांचा मनस्वी तिटकारा. "कुणीतरी तळघरात कपडे आपटतंय," असं म्हणून ते दुकानात शिरताच रेडिओ बंद करायला लावत. गावात त्यांना नाही म्हणणारा कोणी नव्हता. सांगून टाकावं म्हणून लेआर्कोनं गाडीत दोन-तीनदा तोंड उघडलं. एकदा तर मास्तरच त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बँडमध्ये भरवशाचा तू एकटा." त्यानं उघडलेलं तोंड मिटलं.

देर्नाबाई काय म्हणतील, हा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. तसा तो गावात कुणाच्याच डोक्यात कधी येत नसे.

ऑगस्टचा शेवटचा रविवार उजाडला. "ताप आलाय म्हणून कळवू?" निवेसनं विचारलं. तिलाही आता त्याची दया येत होती.

"नको. मी नसलो तर त्यांची धून वाजवणार कोण?"

झाडांखालची नाचाची फरशी गच्च भरली होती. पलीकडे सॉसेज भाजत होते, तव्यावर पियादिनाच्या पोळ्या फुगत होत्या. मास्तरांनी दरवर्षीसारखं मिलानच्या माणसाला ऐकवलेलं वाक्य सांगितलं, टाळ्या घेतल्या आणि गज उचलला. लेआर्कोनं डोळे मिटून फुंकर घातली.

शेजारीच टकरीच्या गाड्यांचा खेळ होता. तिथली एक पोरगी कान टवकारून आली. तिच्यामागे चार आली. मग कुंपणाची वाट मोकळी झाल्यासारखी सगळी झुंडच फरशीवर घुसली आणि हात वर करून ओरडायला लागली, "टेक माय संडे!" म्हातारी जोडपी गरागरा फिरताहेत, मध्ये पोरं उड्या मारताहेत. मास्तरांचा गज थांबला. एकेक करून बँड थांबला. पोरांनी पुढची धून तोंडानं गाऊन पुरी केली, एक सूर न चुकता.

"या पोरांना ही कुठून ठाऊक?" मास्तरांनी विचारलं.

लेआर्कोनं क्लॅरिनेट खाली ठेवलं. "माझ्यामुळे, मास्तर." आणि त्यानं गॅरेज, माइक, फ्रीज, बंद काचा, सगळं सांगितलं. ऐकायला अख्खं गाव होतं. "मुद्दाम नाही केलं. पण केलं मीच. मला काढून टाका."

मास्तर खुर्चीवर बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले. "चाळीस वर्षं जपली रे मी ती," एवढंच म्हणाले. लेआर्कोला वाटलं, यापेक्षा गज डोक्यात घातला असता तर बरं झालं असतं.

देर्नाबाई काठी टेकत पुढे आल्या.

"मला जूनपासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "केस करायला गेले होते. डोक्यावर केस वाळवायचं ते गरम टोपलं, आणि रेडिओवर हे लागलं. खाली बघते तर माझा पाय चाललाय."

"मग बोलली का नाहीस?" मास्तर म्हणाले.

"बोलले असते तर या सरळमार्ग्यानं गाणं बंद पाडलं असतं. अंजीर परत नेऊन देणारा माणूस हा. मला ऐकायचं होतं, ओरियानो. रोज बाजाराला जायच्या निमित्तानं ऐकून येत होते."

"अगं, पण मी त्या मिलानवाल्याला तुझ्यासाठी नाही म्हटलं."

"तू नाही म्हणालास तेव्हा मी दाराआड कॉफीचा ट्रे घेऊन उभी होते. मनात म्हणत होते, दे की. वाजू दे की मला घरोघरी. सगळ्या गावानं तुझं कौतुक केलं. मला विचारलं कुणी? वर्षातून एकदा पेटीतून काढायला मी काय नाताळच्या देखाव्यातली मूर्ती आहे?"

पहिल्या रांगेतली कुठली तरी बाई खुदकन हसली, दुसरी हसली, आणि बघता बघता सगळ्या. मास्तरांचे कान लाल झाले होते.

"मग आता काय करू म्हणतेस?"

"वाजव. आणि पोरांना हाकलू नकोस."

मास्तर उठले. लेआर्कोकडे न बघता म्हणाले, "माइक तपासायला वाजवलंस, म्हणजे दुसऱ्या भागात घाई केली असशील."

"थोडीशी."

"वाटलंच. उचल ते क्लॅरिनेट."

लेआर्कोनं उचललं. जूनपासून छातीत अडकून बसलेला श्वास त्या दिवशी पहिल्यांदा पुरता बाहेर पडला, आणि निवेस अजून सांगते की तसं त्यानं त्याआधी कधी वाजवलं नव्हतं. देर्नाबाईंनी काठी तिच्याच हातात दिली होती आणि त्या उड्या मारणाऱ्या पोरांच्या मधोमध दुखऱ्या गुडघ्यानं हळूहळू फिरत होत्या.

नाच संपल्यावर लेआर्कोनं दोघांना गाडीत बसवलं आणि सवयीनं बागांच्या रस्त्याला वळायला लागला. मास्तरांनी स्टिअरिंगवर हात ठेवला.

"समुद्राकडून घे रे," ते म्हणाले. "आणि काचा खाली कर. बाई कुठे कुठे वाजताहेत ते मलाही ऐकू दे."