अकरा रोपं नाचणीची

पाकीट उपडं केलं तेव्हा बशीत जेमतेम चिमूटभर नाचणी पडली. डेलने चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.

"एवढंच?"

एवढंच होतं. मी इलिनॉयमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या सीड स्टोअरमध्ये काम करायचे. जगभरातून गोळा केलेलं बी तिथे थंड खोलीत ठेवलेलं असे. डेल माझा बॉस. समोर बसलेली ग्रेस ही युगांडातली शेती अधिकारी, पाच महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी अमेरिकेत आलेली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तिच्या भागातली लढाई थांबली होती आणि कॅम्पमध्ये राहिलेली माणसं गावी परतत होती. उपासमारीत त्यांनी घरचं बियाणंही खाऊन संपवलं होतं.

ग्रेसने चार जुन्या वाणांची नावं आणली होती. तीन आमच्याकडे नव्हते. चौथा हा, कुणीतरी तीसेक वर्षांपूर्वी जमवून ठेवलेला.

डेल म्हणाला की सुधारित नाचणीची पोती मिळवून देता येतील, पीकही जास्त येईल. तो चुकीचं बोलत नव्हता. ग्रेसने शांतपणे सांगितलं की सुधारित बी वाटून झालंय, खाण्यासाठी लोक ते पेरतील. तिच्या दोन गावांचा प्रश्न वेगळा होता. लढाईत एका गावच्या मुलांनी दुसऱ्या गावची गुरं पळवली होती, माणसंही मारली गेली होती. आता दोन्ही गावं एकाच ओढ्यावर पाणी भरत होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती.

"आमच्याकडे समेट करायचा तर दोन्हीकडचे लोक एका मडक्याभोवती बसून नाचणीची बिअर पितात," ती म्हणाली. "म्हातारे म्हणतात, ती आपल्या जुन्या नाचणीचीच हवी. बी मिळालं तर दोन्ही गावं मधल्या शेतात मिळून पेरतील. एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं जमलंय."

आमचा नियम असा, की बी बाहेर देण्याआधी शंभर दाणे भिजवून किती उगवतात ते पाहायचं. याला जर्मिनेशन टेस्ट म्हणतात. टेस्ट झाली की ते कोंब फेकून देतात. मी म्हटलं, फेकायचे कशाला? इतकं जुनं बी थोडंच उगवणार, म्हणून सगळेच दाणे भिजवू आणि उगवतील ती रोपं वाढवू.

"आणि एकही उगवलं नाही तर?" डेलने विचारलं.

"तर तो वाण संपला. आणि तो मी संपवला."

त्याने बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "भिजव."

पाच दिवस ओल्या कागदावर काहीच हललं नाही. सहाव्या दिवशी एक पांढरा कोंब दिसला. शेवटी शेकडो दाण्यांतून अकरा उगवले.

माझं माहेर कोकणातलं. आईबरोबर नाचणी लावलेली होती, त्यामुळे रोपं कुंड्यांत लावताना हाताला सवय होती. जुलैपर्यंत ती कमरेएवढी झाली, पण कणसाचा पत्ता नाही. कारण साधं होतं. या नाचणीला रात्र मोठी लागते आणि इलिनॉयला उन्हाळ्यात साडेआठपर्यंत उजेड असतो. म्हणून रोज संध्याकाळी पाचला ग्रीनहाउसमधल्या कुंड्यांवर काळं कापड ओढायचं आणि सकाळी सातला काढायचं. शनिवार-रविवार धरून. माझी मुलगी विचारायची, "मॉम, झाडांना बेडटाइम असतो?"

एका रविवारी तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अडकले. धावतपळत पोचले तेव्हा साडेसहा झाले होते. कापड ओढलेलं होतं. शेजारी स्टुलावर डेल बसला होता.

"इथूनच चाललो होतो," तो म्हणाला.

त्याचं घर चाळीस मैलांवर होतं. पुढचे रविवार आम्ही आळीपाळीने केले. तसं ठरवलं मात्र कधीच नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस कणसं पिकली. ग्रेसने एक कणीस तळहातावर चोळलं, नाकाशी नेलं, आणि बराच वेळ पाठ करून उभी राहिली. आम्ही दोघं उगाच टेबल आवरत बसलो. सगळं मिळून दोन कॉफीमग भरतील एवढं बी निघालं. अर्धा मग थंड खोलीत ठेवला. बाकीचं तिने दोन पुड्यांत बांधलं, एक बॅगेत, एक कोटाच्या खिशात. एक हरवली तर दुसरी राहील म्हणाली. परवानगीचे कागद डेलने स्वतः फिरून मिळवले.

तिचं पत्र दोन हंगामांनी आलं. पहिल्या वर्षी पक्ष्यांनी बरंच खाल्लं. राखणीच्या पाळ्यांवरून दोन्ही गावं भांडली, पण भांडायला का होईना, बोलावं लागलं. दुसऱ्या वर्षी मडकं मांडलं. एक बाई मात्र आली नाही. तिचा मुलगा लढाईतून परतला नव्हता. ग्रेसने लिहिलं होतं, तिला कुणी आग्रह केला नाही. चार दिवसांनी ती एकटीच आली आणि पेरायला ओंजळभर बी मागून घेऊन गेली.

पत्र वाचून डेलने ते फाइलला लावलं आणि मला जुन्या पाकिटांची यादी काढायला सांगितली. थंड खोलीतही बी म्हातारं होतंच. तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही त्यातली काही पाकिटं उघडून, ताजं बी धरण्यासाठी ग्रीनहाउसमध्ये पेरायला लागलो.