लोणी कुणाच्या कॉफीत?

माझ्या भावानं कॉफीत लोणी टाकलं त्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं. त्याला लोणी का, आणि आईला का नाही, हा माझा सवाल होता.

भाऊ जिमला जातो. तिथं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की सकाळचा नाष्टा बंद करायचा आणि त्याऐवजी काळ्या कॉफीत लोण्याचा गोळा आणि चमचाभर खोबरेल तेल घालून प्यायचं. दुपारपर्यंत भूक लागत नाही म्हणे, चरबी उतरते म्हणे. मोबाईलवर तसले व्हिडिओ ढिगानं पडलेत. आमच्यात कॉफी म्हणजे उपवासाची, नाहीतर चहा न पिणाऱ्या पाव्हण्याची. त्यामुळं हे नवीन प्रकरण बघायला मीही स्वयंपाकघरात गेले. साहेब टॉवेल गुंडाळून उंबऱ्यावर उभे, आणि आई एका हातानं भाकरी उलटत दुसऱ्या हातानं त्याच्या कपात लोणी सोडतेय.

"अजून टाक की आई. चिंगूसपणा करू नको."

आईनं अजून टाकलं.

आता लोण्याचा इतिहास सांगते, कारण तो कुठंच लिहिलेला नाही. गावात, गडमुडशिंगीत, आमच्या दोन म्हशी. दूध दोन्ही वेळा डेअरीला जातं. घरापुरतं राहतं त्याची साय आई साठवते, विरजते, तीन-चार दिवसांनी घुसळते. वर आलेल्या लोण्यातलं बरंचसं कढवून तुपाला जातं. कच्चं राहतं ते आधी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, भाकरीवर, मग भावाच्या, कारण तो कसरत करतो. आईला आणि मला ताक. तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाला जी बेरी उरते ती माझी, साखर घालून. मला बेरी फार आवडायची, म्हणून मला कधी शंकाच आली नाही. अन्याय गोड करून वाढला की माणूस वाटी चाटून मोकळा होतो.

मी शहरात शाहूपुरीला एका संघटनेच्या ऑफिसात पत्रकं लिहायचं काम करते. रस्त्याचं, पाण्याचं, बसच्या वेळांचं पत्रक लिहिलंय. आमच्या स्वयंपाकघराचं पत्रक लिहायचं माझ्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यात सुचलं नव्हतं. ते त्या कपानं सुचवलं, कारण त्याच्या आधी आठच दिवस आई डेअरीच्या रांगेत चक्कर येऊन खाली बसली होती. दुधाची किटली तिनं सोडली नाही. स्वतः जमिनीवर, किटली मांडीवर! पाच वाजता उठून शेण, झाडलोट, धारा, सगळ्यांच्या डब्याच्या भाकऱ्या, मग डेअरी. आणि स्वतःच्या पोटात पहिला घास अकराला. डॉक्टरांनी तपासून एवढंच सांगितलं, "बाई, सकाळी पोटात काहीतरी घालत जावा." आई "व्हय, व्हय" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी परत उपाशीपोटी गेली.

तर मी भावाच्या हातातला कप काढून घेतला.

"अगं ए! माझी कॉफी हाय ती!"

"म्हस कुणी पिळली?"

"आईनं."

"लोणी कुणी घुसळलं?"

"आईनं."

"मग तू काय केलंस? टॉवेल गुंडाळलास?"

आई मध्ये पडली. "दे गं त्याला, गप्प. मी पितो की मागनं."

मागनं! हा शब्द मी लहानपणापासनं ऐकतेय. मागनं खातो, मागनं झोपतो, मागनं दवाखान्यात जातो. माझ्या अंगातनं करंट गेला. नाष्ट्याला वेळ नाही म्हणते ना? मग ही कॉफी दोन मिनिटांत होते, एका घोटात पोटात जाते, आणि तिच्यात असतं ते तिचंच लोणी. इलाज समोर होता. फक्त तो चुकीच्या माणसाच्या हातात होता!

दुसऱ्या दिवशी मी पाचला उठले. आई घाबरली, तिला वाटलं मला ताप आलाय.

पहिला प्रयोग फसला. काळी कॉफी आईच्या घशाखाली उतरायची नाही म्हणून मी दूध घातलं, आणि वर आदल्या दिवशीचं, नीट न धुतलेलं आंबूस लोणी. कॉफी फाटली. दुधाच्या गुठळ्या, वर तेलकट डोळे. आई म्हणाली, "ही कॉफी हाय का पनीर?"

दुसरा प्रयोग तेलाचा. आमच्या घरात खोबरेल तेल फक्त एका ठिकाणी, आरशाच्या फळीवर. मी ती बाटली आणली तर आईनं माझा हातच धरला.

"डोस्क्याचं तेल पोटात घालती व्हय? याड लागलंय का तुला?"

मग तडजोड म्हणून घाण्यावरचं शेंगतेल. एक चमचा. उकळत्या कॉफीत पडलं आणि बाहेरच्या सोप्यातनं आबांचा आवाज आला, "आज भजी हाईत काय गं?"

तिसऱ्या दिवशी मात्र जमलं. ताजं लोणी, थंड पाण्यात तीनदा धुतलेलं. दूध नाही, तेल नाही, गुळाचा एक खडा. आणि मुख्य म्हणजे मला ताकाची रवी आठवली. व्हिडिओत ते लोक कसलं कसलं मशीन फिरवतात. मी उभ्या पातेल्यात रवी घातली आणि दोन्ही तळव्यांत अशी फिरवली की कॉफी फसफसून काठाला आली. मऊ, तांबूस, साईसारखा फेस! आईनं एक घोट घेतला. माझ्याकडं बघितलं. दुसरा घेतला.

"काय बया हे," ती म्हणाली. "कडू हाय, पण उतरतंय लोण्यासारखं."

कप रिकामा. आई डेअरीला गेली आणि दोन पायांवर, नीट, हसत परत आली. चार दिवस हेच. मी ऑफिसात टेबलावर बसून सगळ्यांना सांगत सुटले. भावाला मी त्याची कॉफी बिनलोण्याची करून दिली, आणि त्यानं दोन घोट घेऊन बेसिनमध्ये ओतली, ते तर मला सणासारखं वाटलं.

मग पत्रक! मी ते बसमध्येच लिहिलं. मथळा: लोणी आधी बाईला. खाली: "डेअरीत तुमच्या म्हशीच्या दुधाचं फॅट रोज मोजतात. तुमच्या पोटात काय आहे ते कुणी मोजलंय?" त्याखाली कृती, चार ओळींत. या कॉफीनं दुपारपर्यंत ताकद टिकते असं मी छातीठोकपणे लिहिलं. कुणाला विचारून? कुणालाच नाही. भावाच्या मोबाईलला विचारून. रस्त्याच्या पत्रकासाठी मी खड्डे मोजत हिंडले होते. इथं मात्र मला एवढी घाई झाली होती की बस.

बचत गटाच्या बैठकीत मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बायका हसल्या, टाळ्या वाजवल्या, कागद घडी घालून ब्लाऊजमध्ये खोचून घेऊन गेल्या. आणि पुढचे दोन-तीन दिवस गावात काय धमाल! कृतीत मी व्हिडिओ आठवून नुसतं "हवं तर एक चमचा तेल" असं लिहिलं होतं, कुठलं ते लिहायचं राहिलं. एकीनं करडईचं घातलं. एकीनं पापड तळून उरलेलं. एकीनं तर फोडणीच्या पळीतलं ओतलं, मोहरीसकट, आणि मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "चव बरी हाय, पण मोहरी दातात अडकती." एका सासूनं लोण्याचं मडकं उचलून कपाटात कुलूपबंद केलं. चार घरांत भांडणं लागली. मी खूश! भांडण लागल्याशिवाय पत्रक वाचलं गेलं हे कळतच नाही.

आणि मग शेजारच्या काकू आल्या.

काकू माहेरच्या कुरुंदवाडच्या, तोंडानं फटकळ, आईबरोबर रोज डेअरीला जाणाऱ्या. हातात माझं पत्रक, चार घड्या पडलेलं.

"ए पत्रकवाली, भाईर ये."

मी आले. मला वाटलं, शाबासकी.

"तुझ्या कागदानं माझं काय केलंय म्हाईत हाय? आमचं मालक म्हणत्यात, आता तुला नाष्ट्याचा खोळंबा न्हाय, तर सकाळची वैरण बी तूच आण. कॉफी काय, उभ्या-उभ्या पिती न्हवं! आधी धा मिंटं बसत तरी हुतो मी भाकरी मोडाय. तेवढं बी घालवलंस."

"काकू, मुद्दा लोण्यावरच्या हक्काचा आहे..."

"मुद्दा खा मग तू. मी उपाशी हाय."

आणि गेल्या. दाराबाहेर चप्पल घालताना एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आईला बी इचार जरा."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. नवऱ्याला वैरण आणायला सांगायची हिंमत नाही आणि बोलणी मला, असं मी मनात म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घुसळून दिल्यावर आत निघून गेले नाही. स्वयंपाकघरात उभी राहिले आणि बघितलं.

आईनं एक घोट घेतला आणि कप ओट्यावर ठेवला. भाकरी थापली. म्हैस हंबरली म्हणून कपावर ताटली झाकून गोठ्यात गेली. आली, हात धुतले, भावाचा डबा भरला. मग ताटली काढली. कॉफी गार, वर लोण्याची पांढरी साय गोठलेली. ती तिनं नाक मुरडून, औषध प्यावं तशी, एका दमात गिळली, उभ्यानंच, आणि किटली उचलली. मी सुट्टी टाकून घरी थांबले. दहा वाजता गोठ्याची भिंत धरून ती उभी होती.

"चक्कर?"

"न्हाय गं. भूक बी न्हाय. पण हातात वारं भरल्यागत हुतंय." हात पुढं केला. बोटं थरथरत होती.

"रोज होतंय?"

"सांगून काय करू? तू एवढी नाचाय लागल्यालीस."

मला तिथंच मातीत बसावंसं वाटलं. भाऊ ही कॉफी पितो आणि सावलीत मोबाईल बघतो. त्याला दुपारी वाढलेलं ताट मिळतं. आई तीच कॉफी पिऊन पाच तास राबते. आणि मी काय केलं? बाईला बसायला मिळत नाही म्हणून ओरडत होते, आणि तिच्या हातात उभ्यानं गिळायची वस्तू दिली. भूक लागली की निदान ती कुरकुरायची तरी. माझ्या लोण्यानं ती कुरकुरही बंद केली. पत्रकात हक्क, ताकद, फॅट, सगळं होतं. "बसा" एवढा शब्द नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं. उद्यापासनं किटली भाऊ नेणार. डबे ज्याचे त्यानं भरायचे. साडेसहाला आई पाटावर, ताट समोर.

"मी जिमला कधी जाऊ मग?" भाऊ.

"किटली उचल. दोन्ही हातानं एकेक उचल. तीच जिम."

आबा भाकरी चावत राहिले. सगळ्यात जास्त विरोध कुणी केला? आईनं.

"मला बसाय सांगू नको बाई. बसलं की कामं दिसत्यात."

सकाळी भाऊ तोंड पाडून किटली घेऊन गेला. मी आईला हाताला धरून बसवलं. गरम भाकरी, खर्डा, वाटीत धुतलेलं लोणी. ती पहिल्या दोन मिनिटांत तीनदा उठायला गेली. तवा उतरवते, म्हशीला बघते, ते दार लावते. शेवटी मी समोर बसले आणि तिच्या पदरावर गुडघा ठेवला. "सोड की गं," ती म्हणाली. मी सोडला नाही. तिनं एक तुकडा मोडला.

तेवढ्यात सोप्यातनं आबा: "पाणी दे गं."

आईचं अर्धं अंग उठलं. पदर ताणला. मी गुडघा दाबून धरला आणि तिच्याकडं बघत राहिले. माझं काळीज धाडधाड वाजत होतं, मोर्चात पोलीस समोर आले तेव्हाही इतकं वाजलं नव्हतं.

"अगं, पाणी!"

आईचा घास हातातच. मग खाटेची करकर ऐकू आली, पावलं आली, स्वयंपाकघराच्या दारात थबकली. आबांनी आम्हा दोघींकडं बघितलं, माझ्या गुडघ्याकडं बघितलं, आणि वळून हंड्याकडं गेले. तांब्या बुडाल्याचा आवाज. पाणी प्याल्याचा आवाज.

"झाकण नीट लावा!" आई बसल्या जागेवरनं ओरडली, आणि तिनं भाकरीचा मोठा तुकडा मोडून लोण्याच्या वाटीत बुडवला.