गोळी विरघळेपर्यंत

मध्यस्थाच्या खोलीत ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, असा आमचा नियम. मग आमच्याकडे किस्से साठतात ते प्रशिक्षणाचे. दर रिफ्रेशर कोर्सला त्यांत भर पडते, आणि बहुतेकांत फजिती माझीच असते.

मी वकील. आयुष्यभर बोलण्याचीच फी घेतली. मध्यस्थ व्हायला गेलो आणि आमच्या ट्रेनर देशमुख मॅडमच्या तावडीत सापडलो. पहिल्या रोल प्लेमध्ये मी मध्यस्थ, समोर भांडणारे दोन भाऊ. त्यांचं पाणी पिऊन होण्याआधी मी कोणाचं चुकलं ते सांगून मोकळा झालो.

मॅडम म्हणाल्या, "निकाल उत्तम. आता अपील कुठे करायचं?"

* * *

दुसऱ्या दिवशी नवरा-बायकोचं भांडण. बायको झाले होते आमचे शेखसाहेब, भरघोस दाढीसकट. ते इतके रंगले, की चहाच्या सुट्टीतही नवरा झालेल्या जोशींशी बोलेनात. मी समजूत घालायला गेलो.

"तुम्ही मध्ये पडू नका," शेखसाहेब म्हणाले. "माझ्या आईला टाकून बोललेत हे. आधी ते कबूल करू द्या."

* * *

मग शिकलो, की समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं. सराव घरी, कोथरूडला. बायको म्हणाली, "अहो, गॅस संपलाय."

"म्हणजे तुला असं वाटतंय, की गॅस संपलाय."

"मला नाही. शेगडीला वाटतंय."

* * *

कोर्स संपताना मॅडमनी सगळ्यांना प्रमाणपत्र दिलं, मला वर लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. "बोलावंसं वाटलं की एक तोंडात टाकायची. विरघळेपर्यंत गप्प. चावायची नाही."

तेव्हा राग आला होता. आज त्या बाईंचे उपकार फेडायचे म्हटले तरी फिटणार नाहीत.

* * *

हा शेवटचा मात्र खोलीतला. त्या दोघांना विचारूनच सांगतोय.

कर्वेनगरचं जोडपं, दोघंही आयटीत. घटस्फोटाचा अर्ज दाखल झालेला. ती मुलीला घेऊन संध्याकाळच्या गाडीने माहेरी नागपूरला निघाली होती, कायमची. बॅग दाराशीच होती. तिने वाक्य सुरू करावं आणि त्याने 'ॲक्च्युअली' म्हणून ते तोडावं, असं चाललं होतं. माझी जीभ शिवशिवायला लागली. मी गोळी तोंडात टाकली.

"सर, बरं वाटत नाहीये का?" त्याने विचारलं.

"बरा आहे. मध्ये बोलू नये म्हणून खातो."

ती पुन्हा सांगायला लागली. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि पुडीतली एक गोळी उचलली.

ती बोलत राहिली. लग्नानंतरची पहिली दिवाळी, मुलीचा ताप, त्याचे न संपणारे कॉल. मध्येच रडली, थांबली, पुन्हा बोलली.

त्याची गोळी संपली. आता हा बोलणार, म्हणून ती गप्प झाली.

त्याने पुडीकडे हात केला. "सर, अजून एक घेऊ?"