भुईनिंबाचा काढा आणि भंडाऱ्याची खाट

कोंढ्याहून एसटीने भंडाऱ्याला जाणे, याला प्रवास म्हणावे का याचीच मला शंका आहे. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. तरी लिहितो आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझी धाकटी बहीण सोनी हिला सिकलसेल (रक्ताचा आजार) आहे. दुखणे उठले की ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते. या आजारावरचे एक नवे औषध भंडाऱ्यात आधी निरोगी माणसांना देऊन पाहणार होते. त्याचा मोबदलाही होता. पहिल्या तपासणीत मी पास झालो. निघताना आईने कडू काढ्याचा गिलास पुढे केला. रोजच्यासारखा मी तो संपवला.

बांध्यांमधला (धानाची छोटी शेतं) धान निघाला होता आणि खुंटांतून लाखोळी (एक कडधान्य) हिरवी वर येत होती. एसटीत शेजारी बसलेल्या काकांनी विचारले, "कोठं चालला?"

मी औषधाच्या प्रयोगाचे सांगितले.

"म्हंजे रक्त विकाले चालला का बे?" ते मोठ्याने हसले. वाटेतले अड्याळ येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिलो.

केंद्रात एका लांब खोलीत खाटा मांडल्या होत्या. नर्सताईंनी विचारले, "एवढ्यात कुठलं औषध घेतलंय का?"

"नाही," मी ठामपणे म्हणालो.

जेवण मोजून दिलेले, आणि ताटात काही टाकायचे नाही. शेजारच्या खाटेवर आंबागडचे रामदासभाऊ होते, जंगलात मजुरी करणारे. ते म्हणाले, "पोळीचा तुकडा उरला तरी हे बाई डोये वटारते. माह्या सासरी बी एवढा आग्रह नाही झाला." मी हसलो. गोळी सकाळी मिळणार होती.

सकाळी सोनीचा फोन आला. "दादा, भेऊ नोको. आईनं रोज भुईनिंबाचा काढा पाजला न तुले, कोणतंच औषध तुले बाधत नाही."

नर्सताईंचा कालचा प्रश्न मला आठवला. भुईनिंब (रानातली कडू वनस्पती) आमच्याकडे थंडीत सगळेच पितात. त्याला औषध म्हणताना मी कोणाला ऐकले नव्हते. मी खोटे बोललो नव्हतो, पण उत्तर चुकले होते.

रामदासभाऊंना सांगितले. ते कुजबुजले, "चूप राह्य. काढ्याले कोण पुसते? वापस धाडतील."

तीच भीती मला होती. पण काढ्यामुळे रक्तात काही भलते दिसले, तर दोष गोळीवर जाणार होता. सोनीच्या गोळीवर. ट्रे घेऊन नर्सताई आल्या तेव्हा मी खाटेवरून उठलो.

"ताई, एक सांगायचं राहिलं."

त्यांनी बोलावलेल्या डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत. "आधी सांगितलंत ते बरं झालं. आज मात्र गोळी देता येणार नाही. पुढचं कळवू."

रामदासभाऊ छताकडे बघत पडले होते. अचानक उठून बसले. "म्याडम, मंग माह्यं बी आयका. मी रोज गुळवेल पेतो."

दुपारच्या गाड्यांनी दोघेही आपापल्या गावी परत. अंगणात आईने विचारले, "काहून आला एवढ्या लवकर?" मी सांगितले, तशी ती उंबऱ्यावर बसली. "मी तं तुह्या भल्यासाठीच देल्लं रे."

सोनी म्हणाली, "म्हंजे आता माह्यं औषध अटकलं?"

"कळवतो म्हणाले," मी सांगितले. आईच्या हातचे आम्ही औषधात धरत नाही, आणि विचारणाऱ्यालाही ते सुचत नाही. एवढेच समजायला मला भंडाऱ्यापर्यंत जावे लागले. त्यानंतर फोन वाजला की मी धावत उचलायचो, आणि निघायचा रिचार्जवाल्यांचा.

शेवटी नर्सताईंचा फोन आला. "पुन्हा रक्त तपासायला या. ठीक निघालं तर पुढच्या तुकडीत घेऊ. आणि आता आम्ही सगळ्यांना काढ्याचंही विचारतो बरं का!"

फोन ठेवायच्या आत सोनी स्वयंपाकघराकडे ओरडली, "आई, भुईनिंबाची जुडी लपव वो, दादा चालला!"