यकृताच्या खोलीतल्या दोन बाटल्या

थायलंडातल्या आमच्या खोनकेनमध्ये पित्ताला कोणी घाबरत नाही. मराठी माणूस पित्त म्हटलं की आमसूल शोधायला धावतो. इथली मंडळी बैलाचं पित्त वाटीत घेऊन बसतात आणि लाप नावाच्या खिम्याच्या पदार्थावर शिंपडून मिटक्या मारतात. त्यामुळे पा थोंगयुनची सगळी नोकरी पित्तात गेली याचं कोणाला काही वाटत नाही. पा म्हणजे आईहून थोरली मावशी. ही अठ्ठावन्न वर्षांची, सबंध विद्यापीठाची पा.

तिचं काम उंदराच्या यकृताच्या पेशी गार जेलीच्या दोन पदरांमध्ये निजवण्याचं. चार दिवसांत पेशी एकमेकींना बिलगतात आणि मधे केसाहून बारीक पन्हळी तयार होतात. मग औषध द्यायचं. पेशीच्या दारावरची काही प्रथिनं ते आत ओढतात, पलीकडच्या दारावरची त्याची उचलबांगडी करून पन्हळीत, म्हणजे पित्तात, फेकतात.

"आमच्या घरासारखंच," पा म्हणते. "आई पाहुण्याला पुढच्या दारानं घ्यायची, बाबा मागच्या दारानं घालवायचे."

किती औषध पित्तात गेलं हे मोजायला दोन बाटल्या. एकीतल्या पाण्यात कॅल्शियम, त्यानं पन्हळी बंद राहतात. दुसरीत कॅल्शियम चिमटीत धरून ठेवणारं द्रव्य, त्यानं पन्हळींचे सांधे सुटतात आणि आतलं सगळं वाहून जातं. दोन्हींतला फरक म्हणजे पित्तात गेलेलं औषध. दिसायला दोन्ही निव्वळ पाणी. शाई स्पिरिटनं पुसली जाते म्हणून पा कॅल्शियमच्या बाटलीच्या गळ्यात पांढरा धागा बांधते. वीस वर्षं बांधतेय.

त्या दिवशी बँकॉकहून आजान विफादा आल्या. आजान म्हणजे प्राध्यापक. खोली चालू ठेवायची की काम बँकॉकला न्यायचं, हे त्या दुपारपर्यंत सांगणार होत्या. बँकॉकला गेलं तर पा थोंगयुनची बदली भांडारात, काचेच्या नळ्या मोजायला. आणि इथल्या रिवाजाप्रमाणे पाहुणीच्या मनगटाला आशीर्वादाचे धागे बांधायचं काम होतं लुंग बुनमाकडे. लुंग म्हणजे काका, आणि हे काका म्हणजे घाईचं दुसरं नाव.

समारंभ आटोपला. पा खोलीत आली आणि दोन उघड्या गळ्यांच्या बाटल्यांकडे बघत राहिली.

"लुंग! इथला धागा?"

"अगं, एक कमी पडला. ही बाटली नटलेली दिसली, म्हटलं हिचा आशीर्वाद झालाय. घेतला सोडून."

"कुठल्या बाटलीचा?"

लुंगनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, मग छताकडे.

खोलीचे प्रमुख आजान सुतीन घामाघूम झाले. "मी आजान विफादांच्या हातातला धागा मागून आणतो!"

"आणून काय करणार? तो बोलणार आहे का?"

"मग नवीन पाणी करा!"

"त्याला दोन तास. त्या पाऊण तासात येतील."

"मी चव घेऊन बघू?" लुंग.

"घ्या. एकानं काही होणार नाही, दुसऱ्यानंही काही होणार नाही. तुमचा चहा मात्र होईल."

पेशींच्या ताटल्या मोजून दोनच होत्या. त्यांच्यावर करून बघायची सोय नव्हती. पा खुर्चीत बसली. मग एकदम उठली आणि आवारात पळाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, चपला न घालता! कुंपणावर 'मा-नोय', म्हणजे छोटं कुत्रं, या नावाची वेल आहे. तिची पानं पाण्यात चोळली की हिरवी जेली जमते आणि घरोघरी मिरची घालून ती खातात. ओंजळभर पानं घेऊन पा परतली.

"पा, आत्ता स्वयंपाक?" सुतीन जवळजवळ रडले.

"आजान, जेली लवकर जमत नसली की आमची आई चिमूटभर चुना टाकायची. चुन्यात काय असतं?"

"कॅल्शियम!" सुतीन ओरडले. मग त्यांनी स्वतःच बाह्या सरसावल्या.

एका वाडग्यात एका बाटलीचं पाणी, दुसऱ्यात दुसरीचं. दोघांनी पानं चोळली, गाळली. आम्ही सगळे वाडग्यांभोवती श्वास रोखून उभे, जणू आत कोणाचं बाळंतपण चाललंय. पंचवीस मिनिटांनी पा थोंगयुननं वाडगे तिरपे केले. एकातलं हिरवं पाणी सरळ वाहिलं. दुसरं थुलथुल हललं आणि जागच्या जागी थांबलं.

"हीच!" पा ओरडली. लुंगनी त्या पाण्याची बाटली उचलून चक्क मिठी मारली. "हळू! आता फोडाल!"

आजान विफादा आल्या तेव्हा दोन्ही ताटल्या एकेका बाटलीच्या पाण्यानं धुऊन, औषधाच्या जागी चमकणारा रंग देऊन तयार होत्या. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जमलेल्या जेलीच्या पाण्याची ताटली: हिरव्या पन्हळी लखलखत होत्या, पेशीपेशींमधून पळत होत्या. दुसरी ताटली: काळोख. पन्हळी उघडून सगळं वाहून गेलेलं. बाई परत पहिलीकडे वळल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत.

"आमच्याकडे इतक्या सलग पन्हळी येत नाहीत. वरचा पदर कोण पसरतं?"

पा थोंगयुननं हिरवा हात वर केला.

"मग खोली हलवून काय करू? हात तर इथेच राहणार."

"दोनच वर्षं, आजान. मग मी निवृत्त."

"तेवढ्यात दुसरे हात तयार करा. पहिले माझे." बाईंनी पर्स ठेवली आणि स्टूल ओढलं.

पा थोंगयुननं पाहुणीची बोटं उलटसुलट करून बघितली. "घड्याळ काढा. आणि ही नखं कापून या."

आणि आजान विफादा, बँकॉकच्या एवढ्या मोठ्या बाई, नेलकटर कोणाकडे आहे ते विचारत खोलीबाहेर पडल्या.